उघाडीजवळची जागा

अहो, तुम्ही गेल्यापासून घरात जिताड्याचीच गोष्ट चालू आहे.

भेटायला येणारा माणूस ओसरीवर टेकतो, पाणी घेतो, आणि मग कुणीतरी म्हणतंच की खाडीच्या आतल्या त्या तळ्यातला जिताडा दुसऱ्या कुणाला मिळाला नसता. ते पाणी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं आणि त्याच सकाळी एवढा मासा. बाकीचे माना हलवतात. हात पसरून लांबी दाखवतात, आणि ती रोज थोडी वाढते. मी आतल्या दाराशी बसलेली असते. या दिवसांत बायकोनं पुढे होऊन बोलायचं नसतं, म्हणून बोलले नाही. नाहीतर मी काय म्हणाले असते ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मासा माझा होता.

हे वाक्य मी तुम्हाला शेवटचं गेल्या गणपतीत ऐकवलं. तुम्ही सुपारी कातरत होतात. मान वर न करता म्हणालात, "मॅट्रिकबाई, पाण्याबाहेर कोणी काढला?" मी म्हणाले, "पाण्यात असताना कोणी धरला?" तुम्ही हसलात आणि सुपारीचं खांड माझ्यापुढे केलंत. भांडण तिथेच राहिलं, नेहमीसारखं. आता उत्तर द्यायला तुम्ही नाही, आणि ओसरीवरचे सगळे तुमच्या बाजूचे. म्हणून लिहायला बसले आहे. लिहिते तुम्हाला, पण वाचतील आपली नातवंडं, नीला आणि तिचा भाऊ, त्या सातासमुद्रापलीकडे. आपला रवी मुलांना वाचून दाखवील. तेव्हा मुलांना कळावं म्हणून मी सगळं पहिल्यापासून आणि क्रमानं सांगणार आहे. माझ्या क्रमानं सांगण्याचा तुम्हाला कंटाळा यायचा. आता काही इलाज नाही.

तर मुलांनो, जिताडा म्हणजे आमच्या या किनाऱ्यावरचा मानाचा मासा. पाठ उंचावलेली, अंग चांदीसारखं, डोळे उन्हात लालसर चमकतात. जन्मतो खाऱ्या पाण्यात, पण गोड्या पाण्यात पोसला की जास्त चवदार होतो. म्हणून आमच्याकडची खाडीकाठची गावं पावसाळ्यात त्याची बोटाएवढी पिल्लं पकडून गावच्या तळ्यात सोडतात, आणि मग दोन-तीन वर्षं त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीत. जिताडा विकत आणून खायची पद्धत नव्हती. तो कुणीतरी कुणालातरी द्यायचा. व्याह्याला, मामलेदाराला, आणि सगळ्यात आधी जावयाला.

माझे वडील, नाना, मुरुडला संस्थानच्या कचेरीत होते. त्यांना एकच नाद, गरीचा. म्हणजे दोर, गळ आणि आमिष घेऊन तासन्‌तास पाण्याकडे बघत बसायचं. त्यांना मुलगा नव्हता, मी एकटीच. नानांनी मला त्या काळात इंग्रजी शिकवलं, मुंबईला मामाकडे ठेवून मॅट्रिक केलं, आणि लोकांची बोलणी ऐकून घेतली. पण गरीला कधी नेलं नाही. मुलीनं बांधावर उकिडवं बसायचं नसतं, एवढंच कारण. त्यावर चर्चा नव्हती.

बाकी सगळं मी करायची. ऐनाच्या झाडाची साल उकळून त्या लाल काढ्यात सुती दोर भिजवायचे, म्हणजे ते पाण्यात कुजत नाहीत. ते सावलीत वाळवायचे, गळ बांधायचे, नारळाच्या करवंटीवर गुंडाळून ठेवायचे. मडक्यात खाडीचं पाणी घालून कोळंबी जिवंत राखायची. आणि वाचायचं. अलिबागेहून परत जाणाऱ्या कुणा साहेबाच्या सामानाच्या लिलावात नानांनी मासेमारीचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेतलं होतं. नानांचं इंग्रजी कचेरीपुरतं. त्यामुळे संध्याकाळी दिवाबत्ती झाली की मी वाचायची आणि मराठीत सांगायची. त्यात एक परिच्छेद होता, तो नाना पुन्हा पुन्हा वाचायला लावत. अनोळखी तळ्यावर गेल्यावर लगेच दोर टाकू नये. आधी नुसतं बसावं. पाणी कुठे हलतं, सावली कुठे पडते, बारीक मासळी कुठे गर्दी करते आणि कुठून एकदम पळते, ते बघावं. मग टाकावा. मला तो पाठ झाला होता. मासे कसे पकडावेत हे मी वाचून दाखवायचं, आणि पकडायला नाना एकटे जायचे.

मग तुम्ही आलात.

पहिल्या दिवाळसणाला तुम्ही मुरुडच्या बंदरात उतरलात ते नव्या बुटांत आणि छत्री घेऊन. गिरगावात वाढलेला माणूस. जिवंत मासा तुम्ही पाहिला नव्हता. पाडव्याला फराळ झाला आणि नाना म्हणाले, "चला जावईबापू, जरा खडकांवर जाऊन येऊ." आणि मी वाळवून, गुंडाळून ठेवलेला नवा दोर त्यांनी तुमच्या हातात दिला.

हेवा हा सभ्य शब्द झाला. मी जळले. तुमच्याशी लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, नवऱ्यावर प्रेम करायचं असतं हे मला माहीत होतं आणि करूही लागले होते. तरी त्या सकाळी माडांमधून तुम्हा दोघांच्या पाठी दिसेनाशा झाल्या तेव्हा मला वाटलं की तुमचा पाय घसरावा आणि बूट वाहून जावेत. बूट वाहून गेले नाहीत. तुम्ही बोटाएवढी बोय घेऊन परत आलात आणि नाना हसत होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. एवढं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आई म्हणाली, "देवानं मुलगा दिला नाही तो असा दिला." मी कोळंबीच्या मडक्यातलं पाणी बदलायला परसात गेले.

पुढची वर्षं अशीच गेली. मुंबईला तुम्हाला नानांची पत्रं यायची, त्यात भरती, वारा, आमिष. शेवटी एक ओळ माझ्यासाठी, की सुमीला आशीर्वाद. तुम्ही ती पत्रं मला मोठ्यानं वाचून दाखवायचात, चांगल्या मनानं, की हिला वडिलांची खुशाली कळावी. मी पोळ्या लाटत ऐकायची. माझ्या वडिलांचा आवाज मला तुमच्या तोंडून ऐकावा लागत होता, हे तुमच्या कधी लक्षात आलं नाही.

आता त्या तळ्याकडे येते. मिठाच्या चळवळीचा गाजावाजा नुकताच ओसरला होता आणि रवी रांगत होता. राजपुरी खाडीच्या आतल्या टोकाला एक गाव होतं, भातशेतीचं. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला त्यांचा बांध आदल्या पावसात फुटला होता. नानांनी कचेरीत त्यांच्यासाठी खटपट केली आणि बांध पुन्हा उभा राहिला. गावाला काहीतरी करायचं होतं. त्यांचं तळं होतं, डोंगराच्या कुशीत, एका बाजूनं त्याच बांधानं अडवलेलं. त्यात बाहेरच्या माणसाला दोर टाकू देत नसत. पाटलाचा निरोप आला की दिवाळीला जावयाला घेऊन या, आणि मुलीलाही आणा, ओटी भरायची आहे. रवीला आईपाशी ठेवून मी निघाले. होडीत माझ्या मांडीवर कोळंबीचं मडकं होतं. पिशवीत जादा म्हणून एक दोर मी टाकला होता, करवंटीवर गुंडाळलेला. जादा कशासाठी, हे मला कुणी विचारलं नाही.

भरतीबरोबर आत गेलो, पहाटेच्या गारठ्यात. गावात पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. ते तळं नानांनी कधी पाहिलं नव्हतं, तुम्ही नाही, मी नाही. तिघांनाही सारखंच अनोळखी. आठवतं तुम्हाला? धुकं अजून पाण्यावर होतं आणि पलीकडचा काठ दिसतही नव्हता. नाना थांबले. त्यांनी वाकून पाण्याचा वास घेतला. मला कळलं की ते तो परिच्छेद आठवत आहेत. मीही आठवत होते. आधी नुसतं बसावं.

पण तिथे बसायचं कुठे हे आपण ठरवणार नव्हतो. पाटील पुढे झाला. दगडी घाटाच्या मधल्या पायरीवर त्यानं नवी घोंगडी अंथरली होती, वर लोड ठेवला होता. नाना उजव्या अंगाला बांधाकडे बघत काहीतरी म्हणणार, तोच पाटील म्हणाला, "जावईबापू हितं बसनार. मानाची जागा हाय ती. आमच्या गावात जावई दुसरीकडं बसत न्हाय."

मुलांनो, गंमत कळण्यासाठी हे ध्यानात घ्या. घाट म्हणजे गावातल्या बायकांची भांडी घासायची, कपडे आपटायची जागा. रोज सकाळ-संध्याकाळ तिथे दणदण धुणी बडवली जातात. लाजाळू मासा त्या बाजूला फिरकायचा नाही. हे नानांना पाटलाइतकंच ठाऊक होतं. पण जावयाला मानाच्या जागेवरून उठवणं म्हणजे गावाचा अपमान, आणि जावई मानाच्या जागेवर असताना सासऱ्यानं आपल्यासाठी चांगली जागा शोधून तिकडे बसणं हेही शोभत नव्हतं. तेव्हा नाना तुमच्या शेजारच्या पायरीवर बसले. गावातली चार प्रतिष्ठित माणसं मागे बसली. कुणी पानाचा डबा काढला. तुम्ही दोर टाकलात, तो साबणाच्या फेसाशेजारी पडला, आणि पाटील म्हणाला, "वा."

मला पाटलीणबाईंनी हाताला धरून बाजूला नेलं. उंच बाई, मोठं कुंकू, तोंड तिखट. "बाय, तू पुरुषांत नको बसू. थितं उघाडीपाशी सावली हाय, थितं बस. मी चूल बगून आली."

उघाडी म्हणजे बांधातली फळ्यांची झडप. पावसाळ्यात जादा पाणी तिच्यातून खाडीत सोडतात, एरवी बंद असते. तिच्या डोक्यावर करंजाचं झाड होतं आणि खाली मी, कोळंबीचं मडकं घेऊन. घाटावरून कुणाला लागली कोळंबी तर हाक मारतील म्हणून. मला तिथे बाजूला काढून ठेवलं होतं.

मग मी बसले, आणि बघितलं. माझ्याजवळ दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. खाडीला भरती पुरी होत आली होती, आणि फळ्यांच्या फटीतून खारं पाणी आत झिरपत होतं. बारीकसं, नजरेला न दिसणारं, पण त्या कोपऱ्यात पाणी सारखं थरथरत होतं. बाकी सगळं तळं निवांत. करंजाची सावली नेमकी त्या थरथरीवर पडली होती. बारीक मासळीचा थवा तिथे येत होता, घुटमळत होता, आणि एकदम काचा फुटल्यासारखा चहूकडे उधळत होता. पुन्हा येत होता, पुन्हा उधळत होता. खाली कुणीतरी होतं.

मी घाटाकडे पाहिलं. नाना माझ्याकडेच बघत होते. क्षणभर मला फार बरं वाटलं. मग कळलं की ते माझ्याकडे नाही, माझ्या पायांपुढच्या पाण्याकडे बघत आहेत. त्यांनी मान वळवली आणि तुमच्या दोराकडे बघू लागले. मी पिशवीतून करवंटी काढली, पदर पुढे ओढून घेतला, एक चांगली जाडशी कोळंबी गळाला लावली आणि उघाडीच्या फळीला लागून सोडून दिली. टाकली नाही, सोडली. पाण्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

फार वेळ लागला नाही. पाण्यात मडकं उपडं केल्यासारखा एक दबका आवाज आला, आणि दोर माझ्या बोटांतून जळत गेला. मी पदर हाताला गुंडाळला आणि धरला. मासा वर आला, पूर्ण हवेत, तोंड वासून, मान झटकत, आणि पुन्हा आत गेला. मी बांधाच्या दगडाला पाय लावून मागे झुकले होते. डोक्यावरचा पदर पडला होता, तो हाताला होता ना. मी एकदाच हाक मारली. तुमचं नाव घेणं शक्य नव्हतं. "नाना," म्हणाले.

नाना उठेपर्यंत तुम्ही धावलात. घोंगडी तुमच्या पायात अडकली आणि लोड पाण्यात पडला, हे ओसरीवर कुणी सांगत नाही. तुम्ही मागून आलात आणि माझ्या हातांवरून दोर धरलात. साऱ्या गावासमोर. तोवर दिवसाउजेडी तुम्ही माझ्या पदरालाही हात लावला नव्हता. मला लाज वाटली, राग आला, आणि तुमचा श्वास माझ्या कानाशी होता तो आवडलाही. मी म्हणाले, "सोडा, माझा आहे." तुम्ही म्हणालात, "तुटेल गं." मी पुन्हा म्हणाले सोडा. तेव्हा तुम्ही खरंच सोडलात आणि धोतरासकट तळ्यात उतरलात. मी दोर घेत गेले, मासा थकत आला, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून तुम्ही त्याला कल्ल्यात बोटं घालून उचललंत. जिताड्याच्या कल्ल्याची कड सुरीसारखी असते, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुमचा तळहात फाटला.

गाव बांधावर पोचलं तेव्हा त्यांना काय दिसलं, तर पाण्यातून वर येणारे जावईबापू, छातीशी जिताडा, हातातून रक्त. मी करंजाआड पदर सारखा करत होते.

"पयल्याच दिवशी," पाटील म्हणाला. "जावईबापूंचा हात."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तोंड उघडलंत. मी ते स्पष्ट पाहिलं आहे, आणि तुम्ही नंतर कधी नाकारलंही नाही. पण नाना तिथे आले होते. त्यांनी तुमच्या ओल्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हात चांगला आहे." आणि तुम्ही तोंड मिटलंत.

तुमच्या हातावर तंबाखूची पूड दाबून फडकं बांधलं. नारळ दिला, उपरणं घातलं. माझी बोटं मी पदराखाली ठेवली होती. चुलीपाशी पाटलीणबाईंनी ती ओढून बाहेर काढली, दोराच्या वळांकडे बघितलं, हळद लावली आणि म्हणाल्या, "मासा त्यांनी काढला, आन दोर तुझ्या हाताला चावला व्हय?" मी हात मागे ओढला. त्या पुढे म्हणाल्या, "आमच्यात पन असंच हाय. गप जेव."

परत येताना ओहोटी होती, होडी आपसूक वाहत होती. तुम्ही दोघे पुढच्या टोकाला बसला होतात, डोक्याला डोकं लावून हळू बोलत. मी मागे, ओल्या केळीच्या पानात गुंडाळलेल्या माशाशेजारी. शब्द ऐकू येत नव्हते. नाना बोलत होते, तुम्ही खाली बघून ऐकत होतात. त्या अख्ख्या दिवसातलं मला काय सगळ्यात जास्त डाचलं म्हणून विचाराल, तर उपरणं नाही, नारळ नाही. ते बोलणं.

रात्री आईनं जिताड्याचं डोकं तुमच्या पानात वाढलं. तो जावयाचा मान. तुम्ही आजूबाजूचं सगळं जेवलात आणि डोकं तसंच ठेवून उठलात. म्हणालात, मला काटे जमत नाहीत. आईला वाईट वाटलं. मग तुमच्याच पानावर मी जेवायला बसले, तेव्हा ते डोकं माझ्या वाट्याला आलं. सगळ्यात चवदार भाग, गालाचा आणि डोळ्यामागचा. मी खाल्लं. त्यानंतर जन्मभर, घरात जिताडा आला की तुम्हाला काटे जमायचे नाहीत. सुरमईचे जमायचे, बोयीचे जमायचे, काट्यांनी भरलेल्या पाला माशाचे तर तुम्ही बोलता बोलता काढायचात. मी खुळी नव्हते. मला कळत होतं ते डोकं कशाबद्दल आहे. आणि तुम्हालाही कळत होतं की मला डोकं नको आहे. मला चारचौघांत एक वाक्य हवं होतं, आणि ते ऐकायला नाना हवे होते.

नाना दुसऱ्या लढाईच्या थोडं आधी गेले. शेवटच्या आजारात आपण दोघं मुरुडला होतो. मी त्यांना चमच्यानं पेज भरवत होते. त्यांनी तुमच्याकडे बघून विचारलं, "त्या तळ्यातला जिताडा आठवतो?" तुम्ही म्हणालात, "आठवतो, नाना." मी चमचा हातात धरून थांबले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुम्ही म्हणालात, "मोठा होता." नानांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

त्यानंतर परसात आपलं जे भांडण झालं ते आपल्या संसारातलं खरं भांडण, बाकीची सगळी नुसती बोलाचाली. मी विचारलं की आता नाही तर कधी. तुम्ही म्हणालात, "त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला काढून घेता आला नाही." मी म्हणाले, "तो आनंद माझा होता." नानांची गरी त्यांनी तुम्हाला दिली. पुढे आपण मुरुडच्या या घरी राहायला आलो तेव्हाही मी तिचे दोर ऐनाच्या काढ्यात भिजवत राहिले, कारण ते काम तुम्हाला कधी नीट जमलं नाही.

एवढं सांगून मी इथेच थांबणार होते. तुमच्याबद्दल चांगलंही लिहायचं होतं, की तुम्ही रवीच्या मुलीला गरीला न्यायचं कबूल केलंत, आपल्या घरात मुलगी म्हणून कुणाला अडवलं नाहीत, माझं वाचन कधी थांबवलं नाहीत. पण परवा वेगळंच झालं.

शेजारच्या डॉक्टरांकडे अमेरिकेहून रवीचा टेलिफोन आला. त्यांच्या मुलीनं मला बोलावून नेलं. रवी रडत होता, त्याला बोलता येईना, म्हणून नीलानं टेलिफोन घेतला. तिचं मराठी तुम्हाला ठाऊक आहे, दगडावरून दगडावर उड्या मारत येतं. ती म्हणाली, "आजी, तू तो मासा पकडलास ना, म्हणून तू ब्रेव्ह आहेस, म्हणून रडू नको."

मी विचारलं, कोणता मासा.

माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं आणि तुम्ही एकटेच रवीकडे गेलात, त्या वर्षीची गोष्ट. परत आल्यावर तुम्ही मला एवढंच सांगितलं होतं की मुलांना घेऊन एका मोठ्या सरोवरावर गेलो होतो, भोवती सुरूसारखी झाडं होती, तिथे बास म्हणून आपल्या जिताड्याचा चुलतभाऊ शोभेल असा मासा असतो, आणि आम्हाला काही मिळालं नाही. मी मनात म्हणाले होते, तिथेही तुम्हीच गेलात.

नीला म्हणाली की तुम्ही त्यांना दोर टाकूच दिला नाहीत. नवीन पाणी आहे, आधी बसा, बघा, आजीनं तसंच केलं होतं. मग तुम्ही त्यांना सगळं सांगितलंत. उघाडी, करंज, पदर. आजीनं धरला, मी नुसता भिजलो. आणि त्या पोरीनं विचारलं की आजीच्या बाबांना कळलं का. तर तुम्ही म्हणालात, त्यांनी सगळं पाहिलं होतं. परत येताना होडीत नाना तुम्हाला म्हणाले होते, "तिनं दोर कुठे सोडला ते पाहिलंत ना? पाणी असं बघावं. मलासुद्धा असं बघता येत नाही."

टेलिफोनच्या नळीतून समुद्राचा आवाज येतो तसा आवाज येत होता. मी नीलाला म्हटलं, मग आजोबांनी हे मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, "मी विचारलं ना. तर म्हणाले, मला फार जेलस वाटलं. बाबा माझे नव्हते ना, तिचे होते." मग लाईन गेली.

मी डॉक्टरांच्या खुर्चीवर बसून राहिले. त्यांच्या मुलीला वाटलं मी दुःखानं बसले आहे. तिनं पंखा लावला.

अहो, म्हणजे इतकी वर्षं तुम्हीही. मला वाटत होतं या घरात जळणारी मी एकटीच आहे. खांद्यावर हात तुमच्या, उपरणं तुम्हाला, गरी तुम्हाला, आणि त्या एका वाक्यापायी तुम्ही माझा हेवा करत राहिलात. नानांनी ते मला सांगायला हवं होतं. त्या काळात बाप मुलीचं तोंडावर कौतुक करत नसत, ते जावयापाशी बोलायचे, की त्यानं ते पोचवावं. तुमच्याकडे पोचवायला दिलेली वस्तू तुम्ही ठेवून घेतलीत. आणि अखेर पोचवलीत ती कुणाकडे, तर ज्या मुलांनी नानांना पाहिलंही नाही त्यांच्याकडे, परक्या देशातल्या परक्या तळ्याकाठी. मी आता माझ्या नातवंडांवर जळते आहे. तुमच्या तोंडून ते वाक्य त्यांनी ऐकलं. मी नाही.

नीला, तुला एक काम सांगते. आजोबांनी हे सांगितलं तेव्हा ते कुठे बघत होते, पाण्याकडे की तुमच्याकडे? हसत होते का? आठवेल तेवढं लिहून पाठव, इंग्रजीत चालेल. आजीला इंग्रजी येतं.

काल तुमच्या दिवसांचं सगळं आटोपलं. मासळी घरात यायला लागली. संध्याकाळी त्या खाडीपलीकडच्या गावातून पाटलाचा नातू आला, केळीच्या पानात जिताडा घेऊन. जावईबापूंच्या नावानं, म्हणाला. तळं अजून तसंच आहे. इथल्या धाकट्या सुनेनं रांधला, आणि डोकं घेऊन ती दारात अडखळून उभी राहिली, कुणाला वाढायचं म्हणून. मी पान पुढे केलं. पण यावेळी ते तुमच्या पानावरून आलं नव्हतं.

तुम्ही आता कुठल्यातरी अनोळखी पाण्यावर पोचला असाल. नाना तिथे आधीपासून असतील, आणि तुम्हाला बघून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले असतील. हसा दोघं. घोंगडी अंथरलेली असेल तर खुशाल बसा, बसायला काही हरकत नाही. दोर मात्र ऐनाच्या काढ्यात भिजवलेले आहेत का ते बघून घ्या. आणि सावलीत, पाणी जिथे थोडं थरथरतं आहे तिथे दोघांपैकी कुणीही जायचं नाही. ती जागा माझी आहे. मी येते आहे.